कळपाची वाट

मराठी वाचकाच्या मनातील उत्तर ध्रुवप्रदेश हा पुष्कळसा लोकमान्य टिळकांनी घडविलेला आहे. वेदांतील ऋचांच्या आधारे आर्यांचे मूळ वसतिस्थान त्या प्रदेशात होते, असे प्रतिपादन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. तो सिद्धान्त पुढे विद्वानांनी मान्य केला नाही. परंतु दीर्घकाळ रेंगाळणारी उषा, महिनोन् महिने न सरणारी रात्र आणि हिमाने गिळलेली मूळभूमी यांचे चित्र आपल्या कल्पनेत टिकून राहिले. त्या चित्रात भूतकाळ भरपूर आहे, वर्तमानकाळ मात्र नाही. तेथे आज कोण राहते, काय खाते, कोणाला कर देते, मुलांना कोठे शिकविते, असले प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. गेली काही वर्षे रेनडिअर पाळणाऱ्या लोकांविषयी मिळेल ते वाचीत असताना मला ओढ लागली ती या वर्तमानकाळाची. त्या भूमीवर मी पाऊल ठेवलेले नाही. येथे जे लिहितो आहे ते वाचनातून आणि त्या वाचनाने मनात जी रुखरुख निर्माण केली तिच्यातून आलेले आहे.

रुखरुख एका शब्दाविषयी आहे. या लोकांवर लिहिणारे अभ्यासक, पत्रकार आणि सरकारी अहवाल एका गुणाचे कौतुक पुन्हा पुन्हा करतात. राज्ये बदलली, बाजार बदलला, हवामान बदलले, तरी या लोकांनी परिस्थितीशी जुळवून घेतले, असे ते म्हणतात. ‘जुळवून घेणे’ हा शब्द आपल्या घरांत चांगला परिचयाचा आहे. सासरी निघालेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून वडीलधारी बाई सांगते, ‘जुळवून घे हो.’ हा उपदेश सासूला कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्याच्या हाती कमी, त्यानेच जुळवून घ्यायचे, असा त्या शब्दाचा अलिखित व्याकरणनियम आहे. म्हणून एखाद्या समाजाच्या जुळवून घेण्याची स्तुती ऐकली की मला प्रथम विचारावेसे वाटते : दुसऱ्या बाजूने काय केले?

पश्चिम सायबेरियात कारा समुद्रात शिरलेला सुमारे सातशे किलोमीटर लांबीचा एक द्वीपकल्प आहे, यामाल. नेनेत्स भाषेत या नावाचा अर्थ ‘भूमीचा शेवट’ असा होतो, आणि नेनेत्स या शब्दाचा अर्थ ‘माणूस’. या माणसांच्या कळपांमुळे यामाल हा जगातील पाळीव रेनडिअरांचा सर्वांत मोठा प्रदेश ठरला आहे. हिवाळ्यात कळप दक्षिणेला, ओब नदीच्या पलीकडे, वृक्षांची सीमा जेथे सुरू होते त्या आश्रयाच्या भागात असतात. वसंताची चाहूल लागली की ते उत्तरेकडे निघतात आणि उन्हाळ्यात समुद्राजवळच्या वाऱ्यावर जातात. कारण आत, दलदलीवर, डासांचे आणि गोमाश्यांचे थवे जनावराला उभे राहू देत नाहीत. शरद ऋतूत पुन्हा परतीची वाट. लांबच्या पल्ल्याच्या कुटुंबांचा हा जाण्यायेण्याचा प्रवास वर्षाकाठी हजार किलोमीटरांहून अधिक होतो.

हिवाळ्यात रेनडिअर जगतो तो मुख्यतः जमिनीवर वाढणाऱ्या दगडफुलावर. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याचेच हे टुंड्रातील भाऊबंद. ते अतिशय सावकाश वाढते. एकदा तुडवले गेले की पूर्ववत व्हायला वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे कळपाने एके ठिकाणी फार काळ थांबणे म्हणजे पुढच्या पिढीचे अन्न खाणे होय. बर्फाखालचे हे अन्न रेनडिअर खुराने उकरून काढतो. कळप चालला की त्याच्यामागे माणसाचे घरही चालते. लांब लाकडी दांड्यांवर रेनडिअरची कातडी पसरून उभा केलेला तंबू, त्याला ‘चूम’ म्हणतात, तो मोडणे, स्लेजवर लादणे आणि नव्या जागी उभा करणे हे घरातील स्त्रीचे राज्य. जे स्लेजवर मावत नाही ते या घरात नसते.

दख्खनच्या पठारावर धनगरांचा वाडा हलताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातील बरेच काही ओळखीचे वाटेल : घोड्यावर लादलेला संसार, पिलांना जपणाऱ्या बायका, शेतात मेंढरे बसवून त्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून मिळणारे धान्य. दोन्हीकडे एक समजूत समान आहे. जमीन आपल्या मालकीची असणे आवश्यक नाही. योग्य वेळी तिच्यावरून जाता येणे आवश्यक आहे. आधुनिक राज्याला नेमकी हीच समजूत उमजत नाही. त्याच्या दप्तरात मालकाचा रकाना असतो, वाटसरूचा नसतो.

सोव्हिएत राज्याने १९३० साली यामाल-नेनेत्स हा राष्ट्रीय जिल्हा स्थापन केला आणि सामुदायिकीकरणाचे धोरण टुंड्रापर्यंत नेले. मोठ्या कळपाच्या धन्याला शोषक ठरविले गेले, शामानांना लोकशत्रू. नेनेत्स लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९३४ आणि १९४३ साली त्यांनी केलेले उठाव ‘मांदालादा’ या नावाने ओळखले जातात. ते दडपण्यात आले. पुढे सामुदायिक शेते मोठ्या सरकारी शेतांत विलीन झाली आणि कळपवाला पगारी कामगार झाला. त्याच्या टोळीला ‘ब्रिगेड’ असे लष्करी नाव मिळाले. मात्र यामालमध्ये एक गोष्ट घडली नाही. कुटुंबे कळपापासून तोडली गेली नाहीत. ब्रिगेडचे नाव नवे असले तरी तिच्यातील माणसे बहुधा नात्याचीच असत, बायका चूममध्येच राहत, आणि सरकारी कळपाबरोबर स्वतःची काही जनावरेही चरत.

मुलांच्या बाबतीत मात्र राज्याने माघार घेतली नाही. सात वर्षांचे मूल झाले की ते निवासी शाळेत जाई. शरद ऋतूत हेलिकॉप्टर येऊन मुलांना घेऊन जाई. या शाळांनी डॉक्टर, शिक्षक, लेखक दिले, हे नाकारता येणार नाही. त्यांनी घरातील भाषा आणि वडिलांच्या हाताखाली शिकण्याची वर्षे हिरावून घेतली, हेही तितकेच खरे. आन्ना नेरकागी या नेनेत्स लेखिकेची १९७७ साली आलेली ‘नोगो कुळातील आनिको’ ही कादंबरी याच फटीतून उगवली आहे. शहरात शिकलेली मुलगी आईच्या मृत्यूनंतर वडिलांच्या तळावर येते, आणि जिथे जन्मली तिथेच पाहुणी ठरते. नेरकागी स्वतः पुढे टुंड्रात परतल्या आणि तेथील मुलांसाठी त्यांनी शाळा उभी केली. शिक्षण आणि तळ यांपैकी एकाचीच निवड करावी लागू नये, हा त्यांचा आग्रह. या आग्रहात मला शाळेचा द्वेष दिसत नाही. शाळेनेही दोन पावले चालावे, एवढीच मागणी दिसते.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा पगार थांबले, हेलिकॉप्टरे विरळ झाली, मांस विकत घेणारी सरकारी यंत्रणा नाहीशी झाली. त्यानंतरच्या दशकात रशियातील पाळीव रेनडिअरांची संख्या सुमारे २२ लाखांवरून १२ लाखांच्या आसपास आली. सर्वांत मोठा आघात अतिपूर्वेकडील चुकोत्का प्रदेशावर झाला. तेथील कळप सुमारे ५ लाखांवरून जवळजवळ १ लाखावर उतरले. यामालमध्ये मात्र कळप घटण्याऐवजी वाढत गेले आणि पुढे ६ लाखांच्याही वर पोहोचले.

हा फरक का पडला, याचा अभ्यासकांनी दिलेला उलगडा विचार करायला लावणारा आहे. चुकोत्कात राज्याने आपले काम अधिक ‘यशस्वीपणे’ केले होते. तेथे बायकामुले गावांत स्थायिक झाली होती, पुरुष पाळीपाळीने कळपावर कामाला जात, खाजगी जनावरे फारशी उरली नव्हती. कळप राखणे हे जगण्याचे रीत न राहता नोकरी झाले होते; नोकरी गेली तेव्हा कळपही गेला. यामालमध्ये राज्याच्या आराखड्याखाली जुने घर जिवंत राहिले होते, म्हणून आराखडा कोसळला तेव्हा घर उभे राहिले. ज्यांनी राज्याशी पूर्णपणे जुळवून घेतले ते त्याच्याबरोबर बुडाले, आणि ज्यांचे जुळणे अपुरे होते ते तरले. जुळवून घेण्याची स्तुती करणाऱ्यांनी हा धडा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

बाजाराशी नेनेत्स लोकांचे वैर नव्हते. नव्वदच्या दशकात रेनडिअरच्या कोवळ्या शिंगांना पूर्व आशियातील औषधी बाजारात मागणी आली, तेव्हा त्यांनी शिंगे विकली. वायुक्षेत्रातील कामगारांना मांस आणि मासे हवे होते, तेव्हा तेही विकले. बर्फावर चालणारी मोटरगाडी आली, ती घेतली. मोबाइल आला, तोही घेतला. चूमच्या आत जनित्रावर दूरदर्शन संच चालतो हे पाहून बाहेरच्या पाहुण्याचा थोडा हिरमोड होतो. त्याला पुराणवस्तू पाहायची असते. खुद्द नेनेत्स माणसाला मोटरगाडीने आपण कमी नेनेत्स होतो असे वाटण्याचे कारण नाही. तो वस्तूला एकच प्रश्न विचारतो : ही बरोबर नेता येते का?

जी बरोबर नेता येत नाही अशी एक वस्तू मात्र त्याच्या पायाखालीच होती. बोवानेन्कोवो येथील नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा १९७१ साली सापडला. तेथपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरांचा रेल्वेमार्ग टाकण्यात आला आणि २०१२ च्या ऑक्टोबरात वायूचे उत्पादन सुरू झाले. सबेत्ता बंदरातून द्रवरूप वायूची पहिली जहाजे २०१७ च्या डिसेंबरात निघाली. क्षेत्र, रस्ते, नळवाहिन्या हे सारे कळपांच्या वाटांवर येऊन उभे राहिले. ठरावीक ठिकाणी रस्ता ओलांडण्याची सोय आहे. स्लेजचे लाकूड खडीवर झिजू नये म्हणून रस्त्यावर जाड कापड अंथरले जाते, मालमोटारी थांबतात आणि हजारो खुरे त्यावरून जातात. छायाचित्रांत हे दृश्य सलोख्याचे दिसते. पण पूर्वी रुंद मैदान ही वाट होती. आता वाट म्हणजे एक दार आहे, आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे.

२००९ साली ब्रूस फोर्ब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामालवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेनेत्स समाजाची लवचीकता मोठी आहे, असे त्यांनी नोंदविले; परंतु ही लवचीकता कशावर उभी आहे तेही सांगितले. माणसांना आणि जनावरांना मोकळेपणाने हलता आले पाहिजे, वाट आणि वेळ बदलण्याचा निर्णय कळपवाल्याच्या हाती राहिला पाहिजे. म्हणजे जुळवून घेणे हा स्वभावाचा गुण जितका आहे, तितकाच तो मोकळ्या जागेचा गुण आहे. जागा आकसत गेली की गुणही आकसतो. आपण स्तुती करतो ती गुणाची, आणि काढून घेतो ती जागा.

हे केवळ तात्त्विक नाही, याचा प्रत्यय बर्फानेच आणून दिला. २००६ च्या आणि पुन्हा २०१३ च्या नोव्हेंबरात यामालवर बर्फावर पाऊस पडला आणि मग थंडीने सारे गोठले. भुसभुशीत बर्फ रेनडिअर उकरू शकतो. काचेसारखा कठीण थर त्याला फोडता येत नाही. अन्न पायाखाली असते आणि जनावर उपाशी मरते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात अशा रीतीने सुमारे ६१ हजार रेनडिअर मेले. अशा वेळी पूर्वीपासूनचा एकच उपाय : जेथे थर बसलेला नाही तेथे कळप हलविणे. तो उपाय करायला शेजारी मोकळी भूमी हवी. ज्यांचे कळप गेले ते मासेमारीवर तग धरून राहिले, आप्तांकडून थोडी जनावरे घेऊन पुन्हा कळप उभारू लागले.

२०१६ च्या जुलैत असाधारण उष्म्यानंतर त्याच प्रदेशात अँथ्रॅक्सची साथ आली. २ हजारांहून अधिक रेनडिअर दगावले आणि १२ वर्षांचा एक मुलगा मरण पावला. रेनडिअरांचे लसीकरण २००७ सालीच बंद करण्यात आले होते. साथीनंतर अधिकाऱ्यांनी बोलायला सुरुवात केली ती कळपांच्या संख्येबद्दल. अडीच लाख जनावरे कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. चराईवर ताण आहे, हे खोटे नाही. परंतु चराऊ भूमीचे एकूण क्षेत्र कोणी घटविले, हा प्रश्न त्या हिशेबात जनावरांइतका ठळक नव्हता.

रशियाचे राज्यच तसे, असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह येथे होतो. पण स्कॅन्डिनेव्हियातील सामी लोकांची हकीकत तो मोह टिकू देत नाही. नॉर्वे आणि स्वीडन यांची सीमा १७५१ साली आखली गेली, तेव्हा करारास एक पुरवणी जोडली होती : सामींनी आपले कळप घेऊन ही सीमा पूर्वीप्रमाणे ओलांडावी. राज्याने कळपाशी जुळवून घेतल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पुढे शतकभराने वारे फिरले. १८५२ साली नॉर्वे आणि फिनलंड यांच्यामधील सीमा कळपांना बंद झाली, १८८९ साली स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधील. १९१९ च्या नॉर्वे-स्वीडन करारानंतर तर अनेक सामी कुटुंबांना उत्तरेकडील भूमी सोडून दक्षिणेस जावे लागले. एलिन आन्ना लाब्बा यांनी आपल्या पूर्वजांच्या या विस्थापनावर लिहिलेल्या पुस्तकाला २०२० साली स्वीडनचा ऑगस्ट पुरस्कार मिळाला.

१९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर या प्रदेशावर उतरले. दगडफुलाला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून पोषण घेते, म्हणून विषही सर्वांआधी तेच घेते. खाण्यास अयोग्य ठरलेले मांस टाकून द्यावे लागले. नंतर कळपवाल्यांनी कत्तलीचा हंगाम बदलला, जनावरांना काही काळ स्वच्छ चारा देण्याची पद्धत आली. शासनांनीही मर्यादा सैल केली. स्वीडनने रेनडिअरच्या मांसासाठी ती किलोमागे ३०० बेकरेलवरून १५०० वर नेली. सामींनी जे दूषित केले नव्हते, त्याच्याशी जुळवून घेण्याचा भार बहुतांशी त्यांच्यावरच पडला.

नॉर्वेत कायद्याचे राज्य आहे, सामींची निर्वाचित संसद आहे. तरीही योव्सेत आन्ते सारा या तरुण कळपवाल्याला आपला कळप ११६ वरून ७५ वर आणण्याचा आदेश मिळाला. इतक्या जनावरांवर संसार चालणार नाही, असे म्हणून तो न्यायालयात गेला. खालच्या दोन न्यायालयांत जिंकला आणि २०१७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याची बहीण मारेत आन्ने सारा हिने त्या वेळी संसदेसमोर ४०० रेनडिअर कवट्यांचा पडदा टांगला. प्रत्येक कवटीला गोळीचे भोक होते. तुझ्याकडे किती रेनडिअर आहेत, असे सामी माणसाला विचारणे असभ्य मानतात. ते त्याच्या बँकेतील शिल्लक विचारण्यासारखे आहे. राज्य मात्र मोजणीनेच बोलणे सुरू करते.

आणि आता वाऱ्याची चक्रे आली आहेत. फोसेन द्वीपकल्पावरील १५१ पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा एकमुखी निर्णय नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी दिला. चक्रे फिरत राहिली. ५०० दिवसांनी तरुण सामी मंत्रालयात ठाण मांडून बसले, तेव्हा २०२३ च्या मार्चात सरकारने क्षमा मागितली. पुढे नुकसानभरपाई आणि अन्यत्र हिवाळी चराई यांवर समझोते झाले. चक्रे जागीच राहिली. पृथ्वी तापू नये म्हणून वाऱ्याची वीज हवी, हे मलाही पटते. पण तापण्याचा पहिला फटका ज्याला बसला, उपायाची किंमतही त्यानेच द्यावी, हा न्याय मला पचत नाही.

उत्तर सामी भाषेत ‘गुओह्तुन’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ नुसते कुरण नव्हे. बर्फाखालचे अन्न रेनडिअरला उकरून मिळू शकते की नाही, ती स्थिती म्हणजे गुओह्तुन. गवत आहे आणि गुओह्तुन नाही, असे होऊ शकते. राज्ये आणि कंपन्या कळपवाल्यांना जे देऊ करतात त्याकडे मी आता या शब्दातून पाहतो. भरपाई आहे, शाळा आहे, संसद आहे, अनुकूल निर्णयसुद्धा आहे. या सर्वांच्या वर बसलेला थर फोडून ते तोंडापर्यंत पोहोचते का?

युरी वेल्ला हे वननिवासी नेनेत्स कवी तेल काढणाऱ्या प्रदेशात राहत. गाव सोडून त्यांनी काही रेनडिअर विकत घेतले आणि ते अरण्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी मुलांसाठी छोटी शाळाही चालविली. २०१३ साली ते वारले. त्यांनी आपल्या कळपातील एक रेनडिअर रशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावे केला होता आणि स्वतःच त्याचा सांभाळ केला. यात थट्टा होती, असे कोणी म्हणेल. मला त्यात एक गंभीर करार दिसतो. ज्याच्या नावाचे जनावर कळपात आहे, त्याला कळपाच्या कुरणाची आणि वाटेची चिंता करणे भाग आहे. शतकभर राज्य सांगत आले, आमच्याशी जुळवून घ्या. वेल्ला यांनी त्याला विनयाने एक जनावर दिले आणि आपल्या पंक्तीत बसवून घेतले.